बाप्पाचं हेल्मेट काढा: इंदूरच्या गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

इंदूर शहरातील मराठी गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सचिव, कार्यकर्ते आणि झांक्या (मिरवणुकीतले ट्रॉलीवरचे हलते देखावे) बांधणारे कारागीर यांस,

सप्रेम नमस्कार.

लवकरच तुमच्या बैठका सुरू होतील. मंडप कुठवर घ्यायचा, वर्गणीचं पुस्तक कुणाकडे द्यायचं, महाप्रसादाला मसालेभात की पुरीभाजी, हे सगळं ठरलं की देखाव्याचा विषय निघेल आणि कुणीतरी म्हणेल, "चांद्रयान करू या, हमखास चालतं." चालतंच. २०२३ साली चांद्रयान-३ चं यान विक्रम चंद्रावर उतरलं २३ ऑगस्टला आणि गणपती बसले १९ सप्टेंबरला, मधे पुरता महिनाही नव्हता. तेव्हापासून रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत थर्माकोलचे चंद्र उगवतच आहेत. चांद्रयान करू नका असं सांगायला मी हे लिहीत नाही. जरूर करा, पण या खेपेला खरं करा.

देखाव्याचा नमुना आता सगळ्यांना पाठ झालाय. पांढरा चंद्र, त्यावर वाट्या दाबून केलेली विवरं, सोनेरी कागदात गुंडाळलेला विक्रम, आणि सगळ्यांत पुढे पांढऱ्या पोशाखातला अंतराळवीर तिरंगा रोवतोय. काही ठिकाणी अंतराळवीर म्हणून खुद्द बाप्पाच, काचेच्या हेल्मेटात. सोंड आत कशी मावली ते कारागीरच जाणे. आणि हे सगळं कधी? भाद्रपद शुद्ध चतुर्थीला! बाप्पा उंदरावरून पडले, चंद्र हसला आणि शाप घेऊन बसला, म्हणून त्या रात्री आपण त्याच्याकडे मान वर करून पाहतसुद्धा नाही. पाहणाऱ्यावर खोटा आळ येतो, स्यमंतक मण्याच्या भानगडीत श्रीकृष्णही सुटला नाही. त्याच दिवशी आपण बाप्पाला नेमकं तिथेच नेऊन बसवतो. असो, हा भाग गमतीचा.

गमतीचा नसलेला भाग असा, की तिथे कुणी माणूस गेलाच नव्हता. गेलं ते १७५२ किलोचं एक यंत्र आणि त्याच्या पोटात २६ किलोची सहा चाकांची गाडी, प्रज्ञान. तिरंगा कुणी रोवला नाही. तो विक्रमच्या अंगावर रंगवलेला होता, आणि प्रज्ञानच्या मागच्या चाकांवर अशोकस्तंभ कोरलेला होता. खरं तर आपला तिरंगा चंद्रावर त्याच्या पंधरा वर्षं आधीच पोचला होता. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सुटलेली एक छोटी पेटी दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवली, तिच्या बाजूंवर तो रंगवला होता. ती पेटी पाठवण्याची सूचना अब्दुल कलामांची. हा प्रसंग मी अजून एकाही मंडपात पाहिलेला नाही. त्यात माणूस नाही म्हणून असेल.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. यंत्रानं केलेल्या कामाचं कौतुक करायचं तर आपल्याला त्याच्या जागी माणसाचा पुतळा लागतो. माणूसच हवा असेल तर राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले, शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेले. त्यांचा देखावा करा, मी पहिला हार घालीन. पण ते चंद्रावर गेलेले नाहीत आणि विक्रममध्ये कुणी बसलेलं नव्हतं. चौथीतलं पोर तुमचा देखावा पाहून घरी जातं आणि "आपला माणूस चंद्रावर गेला" असं छातीठोक सांगतं. माझ्या नात्यातल्या एकानं ते शाळेच्या निबंधात लिहिलं, आणि त्याला गुणही मिळाले.

हे मी पुण्या-मुंबईच्या मंडळांना कदाचित लिहिलं नसतं. इंदूरला लिहायचं कारण आपल्या झांक्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री या शहरात जे निघतं त्याला शतकाच्या आसपासची परंपरा आहे, आणि ती गिरणी कामगारांनी घडवली. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, हुकुमचंद १९९१ साली बंद पडली, तरी झांक्या निघतात. त्या पाहायला लोक रात्रभर रस्त्यावर बसतात ते मूर्ती सुंदर असतात म्हणूनच फक्त नव्हे. त्या हलतात! हनुमानाचा हात वर जातो, राक्षसाचा जबडा उघडतो, नागाचा फणा डोलतो. आत मोटर, पुली, पट्टा, कॅम आणि कुणाच्या तरी फिटरकीची हुशारी असते. आमच्या लहानपणी आम्ही झांकी पुढून पाहायचो आणि मग ट्रॉलीच्या मागे जाऊन वाकून आतलं पाहायचो. मला तर मागचंच जास्त आवडायचं. पुढे आयुष्य पीथमपूरच्या एका मशिन शॉपमध्ये गेलं, त्याचं मूळ तिथेच असावं.

म्हणजे यंत्राला जिवंत करून दाखवण्याची विद्या या शहराला येते. मग त्याच शहरात प्रज्ञान थर्माकोलचा, आणि एका जागी फेविकॉलनं चिकटवलेला का?

माझा प्रस्ताव ऐका. प्रज्ञान चालवा, आणि त्याच्या खऱ्या वेगानं चालवा. तो सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा. वीस फुटांच्या ट्रॉलीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्याला दहा मिनिटं लागतील. लोक म्हणतील, "भिया, बंद पडलंय." म्हणू द्या. जो माणूस थांबून दोन मिनिटं टक लावून पाहील त्याला ते सरकताना दिसेल, आणि चंद्रावर गाडी चालवणं म्हणजे काय ते भाषणाशिवाय कळेल. हिशेबही करून ठेवलाय. आठ इंची चाक घेतलं तर त्याचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक फेरा. जुन्या गाडीची वायपर मोटर मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे मारते, पुढे चाळीसास एक (म्हणजे फेरे चाळीसपट कमी करणारा) वर्म गिअरबॉक्स जोडला की काम झालं. चाकांची जोडणी मात्र रॉकर-बोगी पद्धतीची ठेवा, खऱ्या प्रज्ञानला होती तशी. वाटेत अर्धी वीट ठेवा आणि मुलांना दाखवा, एक चाक विटेवर चढलं तरी बाकीची पाच जमिनीला कशी टेकून राहतात.

आणि वाटेत एक खड्डा करा. २७ ऑगस्टला प्रज्ञानच्या समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचं विवर आलं, तेव्हा त्याला मागे फिरायला सांगण्यात आलं आणि तो दुसऱ्या वाटेनं गेला. सगळं मिळून शंभर मीटरच्या थोडं वर चालणं झालं त्याचं. राजवाड्यासमोर तेवढं अंतर आपण शेवेचं पुडकं संपायच्या आत चालतो. पण त्या शंभर मीटरांत त्यानं लेसरची ठिणगी पाडून जमिनीच्या वाफेचा प्रकाश तपासला आणि गंधक असल्याची खात्री केली. लेसर म्हटलं की इंदूरकराला कॅट रोडवरची संस्था आठवणार, पण ते उपकरण बंगळुरूच्या इस्रोच्या प्रयोगशाळेतलं. तिकडे विक्रमनं जमिनीत एक तापमापी सळई खुपसली. वर पन्नास अंशांहून जास्त, आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. वीतभरही नाही अंतर! चंद्राची माती उष्णता किती कमी जाऊ देते, हे यापेक्षा सोप्या रीतीनं दाखवता येईल का? देखाव्यात दोन दिवे लावा, वर लाल, खाली निळा, आणि आकडे लिहा. बस.

एक गोष्ट विसरू नका. विक्रम चंद्रावर उभा असलेला जो फोटो तुम्ही फ्लेक्सवर छापता, तो ३० ऑगस्टला प्रज्ञाननं काढलेला आहे. तिथे फोटो काढायला दुसरं होतं कोण?

आता त्या कहाणीतला असा भाग, जो मंडळं हमखास गाळतात. २०१९. ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम आदळला, आणि तेव्हाही गणपतीच बसलेले होते. माझ्या मते झांकीचा पहिला प्रसंग हाच हवा. काय बिघडलं ते इस्रोनं नंतर जाहीरपणे सांगितलं: पाचही इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त पडला, चुकांची बेरीज वाढत गेली, यानाला झटपट वळायची गरज पडली पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरनं घातलेली मर्यादा आड आली, आणि उतरायची जागा धरली होती फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. पुढच्या खेपेला मधलं इंजिन काढून टाकलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजणारं लेसर उपकरण बसवलं, आणि उतरायची जागा धरली ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. ज्यानं मशिनवर काम केलंय त्याला या यादीतली एकेक ओळ कळते. तुटलेला जॉब टेबलावर ठेवून "का तुटला" हे विचारणारा फोरमन चांगला, झाकून ठेवणारा नव्हे. शिवाय तेव्हाचा ऑर्बिटर वाया गेला नाही. तो चंद्राभोवती फिरतच राहिला आणि चार वर्षांनी नव्या विक्रमच्या निरोपांसाठी कामी आला.

२३ ऑगस्टचं उतरणं दाखवताना आणखी एक पथ्य पाळा. नियंत्रण कक्षात बसलेला कुणी जॉयस्टिक फिरवतोय असं दाखवू नका. तीस किलोमीटर उंचीवर यानाचा वेग ताशी सहा हजार किलोमीटरच्या घरात होता. तिथून जमिनीपर्यंतची सुमारे १९ मिनिटं यंत्रानं एकट्यानं काढली. पृथ्वीवरून निघालेला निरोप पोचायलाच सव्वा सेकंद, उत्तर यायला तेवढाच. मधे बोट घालायची सोयच नव्हती. बंगळुरूत बसलेले सगळे आपल्यासारखेच पडद्याकडे पाहत होते.

याउलट ज्या गाड्यांना खरोखर ड्रायव्हर होते तीही कथा भारी आहे. १९७० साली सोव्हिएत रशियानं लुनाखोद-१ पाठवली. क्रिमियात बसलेली माणसं टीव्हीवरची चित्रं पाहून ती चंद्रावर चालवत, आणि दहा किलोमीटरच्या वर चालवली. रात्री ती झाकण मिटून घ्यायची आणि पोलोनियमच्या उबेवर तग धरायची. लुनाखोद-२ नं १९७३ मध्ये ३९ किलोमीटर कापले आणि शेवटी गेली कशानं? झाकण विवराच्या भिंतीला घासलं, त्यावर धूळ बसली, झाकण मिटल्यावर ती धूळ रेडिएटरवर पडली आणि गाडी तापून बंद झाली. पन्नास वर्षांनी प्रज्ञाननं शंभर मीटर कापले म्हणून कमीपणा वाटायचं कारण नाही, दोघांचं काम वेगळं होतं. पण "जगात आपणच पहिले" असं भोंग्यावर ओरडण्याआधी निवेदकाला एवढं तरी ठाऊक असावं. दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ अलगद उतरणारे पहिले आपण, हे खरं. ध्रुवावर उतरलो, हे खोटं. जागा ६९ अंश दक्षिणेला आहे.

आणि उतरणं अजून कुणालाच सवयीचं झालेलं नाही. आपल्या चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचं लुना-२५ आदळलं. जानेवारी २०२४ मध्ये जपानचं स्लिम नावाचं यान नाकावर उभं राहिलं, पुढच्याच महिन्यात अमेरिकन कंपनीचं यान कलंडलं. चीननं मात्र जून २०२४ मध्ये चंद्राच्या पाठीमागच्या बाजूची जवळजवळ दोन किलो माती घरी आणली. आपलं चांद्रयान-४ त्याच कामासाठी आहे, त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

तुमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतील, हे सगळं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठीक, उत्सवात धर्माचं काही हवं. त्यांच्यासाठी पंचांगातूनच सांगतो. विक्रम उतरला तो दिवस निज श्रावण शुद्ध सप्तमीचा. मुहूर्त पाहून काढलेला नव्हता, पण तिथीशी त्याचा संबंध पक्का होता. यान सूर्याच्या विजेवर चालणारं, म्हणून तिथे सकाळ होताच उतरायचं, आणि चंद्राच्या त्या भागावर शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या सुमारास सकाळ असते. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा. वद्य पंचमीच्या आसपास सूर्य मावळणार हे आधीच माहीत होतं. ३ सप्टेंबरला विक्रमनं इंजिनं पेटवून चाळीसेक सेंटिमीटरची उडी मारली आणि थोडा बाजूला जाऊन पुन्हा नीट उतरला. त्या दिवशी संकष्टी होती. आपल्या घराघरांत लोक उपास सोडायला ज्याची वाट पाहत होते, त्याच्यावर त्याच दिवशी आपलं यंत्र उडी मारून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला निजवलं. पुढची रात्र चौदा दिवसांची आणि उणे शंभराच्या कितीतरी खाली जाणारी. त्याच्याजवळ लुनाखोदसारखी ऊब नव्हती. २२ सप्टेंबरला पुन्हा हाका मारल्या, उत्तर आलं नाही. तेव्हा आपल्याकडे गौरी जेवत होत्या.

झांकीत हा शेवटही दाखवा. दिवा मंद होत जाऊ दे आणि विझू दे. लगेच फटाके लावून वातावरण भारू नका.

आता दुसरी मागणी, आणि ही अधिक सोपी आहे. खरा चंद्र दाखवा. मराठी घर दर महिन्याला चंद्रोदयाची वेळ विचारतं, असं दुसरं कुठलं घर आहे? त्यातही अर्धे लोक कॅलेंडरातली मुंबईची वेळ धरून बसतात. इंदूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला, म्हणजे नुसत्या रेखांशाचाच बारा मिनिटांचा फरक. उपाशी माणसाला बारा मिनिटं पुष्कळ झाली. पण इतकी वाट पाहून आपण चंद्राला अर्घ्य देतो, हात जोडतो आणि पानावर बसतो. त्याच्याकडे नीट पाहायचं राहूनच जातं.

दुर्बिणीचा कार्यक्रम म्हटला की मंडळं कोजागिरी निवडतात. दूध, भेंड्या आणि कोपऱ्यात एक दुर्बीण. माफ करा, पण चंद्र पाहायला सगळ्यांत वाईट रात्र तीच. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, चंद्रावर सावल्याच पडत नाहीत, आणि सगळा चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. विवरं पाहायची ती शुद्ध अष्टमीला, जेव्हा उजेड-अंधाराची सीमा चंद्राच्या मधोमध असते आणि त्या सीमेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. साध्या तीन-चार इंची दुर्बिणीतून टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही एकाखाली एक असलेली तीन विवरं दिसतात आणि पाहणाऱ्याच्या तोंडून आपोआप "अरे!" निघतं. दक्षिणेच्या कडेला मॅन्झिनस नावाचं शंभरेक किलोमीटर रुंदीचं विवर शोधा. विक्रम उतरला ती जागा, शिवशक्ती बिंदू, त्याच्याच परिसरात आहे. विक्रम दिसेल का, असं पोरं विचारणारच. नाही दिसणार. हबलसारख्या दुर्बिणीलाही इथून तो दिसत नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनाच तो दिसतो, आणि तोही ठिपक्याएवढा.

गणेशोत्सवाचे दहा दिवस यासाठी अगदी नेमके असतात: चतुर्थीची कोर ते चतुर्दशीचा जवळजवळ भरलेला गोळा, रोज संध्याकाळी समोर. अडचण माळव्यातल्या भाद्रपदाची, ढग हटले तर. म्हणून दुर्बिणीची रात्र नवरात्रातल्या अष्टमीला धरा, तोवर आकाश बहुतेक मोकळं झालेलं असतं. गरब्याच्या वेळेआधी तासभर पुरे.

मुलांना एकदा उज्जैनलाही न्या. पन्नास-पंचावन्न किलोमीटर म्हणजे काही फार नाही. महाकालचं दर्शन आपण घेतोच, पण सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात बांधलेल्या वेधशाळेकडे किती जण वळतात? सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, भित्ती यंत्र, सगळं दगड-चुन्याचं, एकही भिंग नाही. मोडकळीला आलेली ती वास्तू १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली, आणि तिचे पहिले अधीक्षक होते गो. स. आपटे. आपल्यातलेच. माळव्यातल्या मराठी माणसाचं आकाशाशी नातं सांगायला आपल्याला श्रीहरिकोट्यापर्यंत जायची गरज नाही.

तेव्हा बैठकीत हा विषय "ऐनवेळी येणारे विषय" या सदराखाली ढकलू नका, तोवर निम्मी मंडळी चहा पिऊन उठलेली असतात. सुरुवातीलाच घ्या. दुर्बीण आणायची आणि लावून द्यायची जबाबदारी माझी. तुम्ही फक्त मैदानातला हॅलोजन तासभर बंद ठेवायला डेकोरेशनवाल्याला राजी करा. माझी वर्गणी नेहमीप्रमाणे पोचेलच. प्रज्ञानची वायपर मोटर आणि गिअरबॉक्स यांचा खर्च त्याहून वेगळा माझ्याकडून. सेकंदाला एक सेंटिमीटर हा वेग मात्र मी उद्घाटनाच्या आधी येऊन फूटपट्टी आणि घड्याळ लावून तपासणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
लोकमान्य नगर, इंदूर